बंद काचेआडचा उन्हाळा

जून २०२५ च्या अखेरीस आग्रा येथे ताजमहालच्या पश्चिम दरवाजाजवळील वाहनतळावर एका बंद मोटारीत पाळीव कुत्रा मृतावस्थेत आढळला. त्याला गाडीत ठेवून पर्यटक कुटुंब ताजमहाल पाहावयास गेले होते. घटनेची चित्रफीत देशभर पाहिली गेली, कुटुंबावर टीकेची झोड उठली, कठोर शिक्षेची मागणी झाली आणि काही दिवसांतच हा विषय मागे पडला. दर उन्हाळ्यात कोठे ना कोठे अशी एखादी घटना घडते. तिच्यावरची प्रतिक्रियाही ठरलेलीच असते. 'असे निर्दयी लोक प्राणी पाळतातच कशाला?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जातो.

या प्रश्नात संताप आहे, पण रोगाचे निदान नाही. ज्याला कुत्र्याची पर्वा नसते, तो त्याला गाडीत घालून शेकडो किलोमीटर बरोबर नेत नाही. बंद गाडीत गुदमरणारा कुत्रा हा बहुधा घरातला लाडका कुत्रा असतो. त्याला एकटे मागे ठेवणे जिवावर येते म्हणूनच तो गाडीत असतो. त्याचा बळी जातो तो क्रौर्यामुळे नव्हे, तर 'दहा मिनिटांत येतोच' या चुकलेल्या हिशेबामुळे. आपला कायदा, आपल्या वाहनतळांची व्यवस्था आणि आपली प्रतिक्रिया या तिन्ही गोष्टी मात्र क्रौर्य गृहीत धरून बेतलेल्या आहेत. त्यामुळे मृत्यूनंतर काय करावे यावर खूप बोलले जाते. कुत्रा जिवंत असतानाच्या त्या वीस-तीस मिनिटांत कोणी काय करावे, याचे उत्तर मात्र कोणाजवळच नसते.

काचेआडचे गणित

चुकीचे मूळ उष्णतेच्या गणितात आहे. बाहेरची हवा सुसह्य असेल तर गाडीतील हवाही सुसह्य असणार, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात उभी असलेली बंद मोटार ही सूर्यचुलीसारखी वागते. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत शिरतो आणि डॅशबोर्ड, आसने, स्टिअरिंग यांना तापवतो. या तापलेल्या पृष्ठभागांतून बाहेर पडणारी उष्णता मात्र काच तितक्या सहजपणे बाहेर जाऊ देत नाही. आतली गरम हवाही कोंडलेली राहते. परिणामी आतले तापमान बाहेरच्या तापमानाची बरोबरी करून थांबत नाही, ते त्याच्या कितीतरी पुढे जाते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २००५ मध्ये 'पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत आजही प्रमाण मानला जातो. बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असलेल्या सोळा स्वच्छ दिवसांत त्यांनी उभ्या मोटारीच्या आतील तापमान मोजले. तासाभरात ते सरासरी २२ अंशांनी वाढले. महत्त्वाचे म्हणजे या वाढीपैकी सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर थंड हवा होती की उन्हाळा, याने वाढीच्या वेगात फारसा फरक पडला नाही. काचा थोड्या खाली ठेवून पाहिल्या, तेव्हाही तापमान जवळपास त्याच वेगाने चढत राहिले. 'काच बोटभर उघडी ठेवली होती' हे समर्थन किती पोकळ आहे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

याच प्रकारच्या मोजमापांनुसार बाहेर २१ अंश तापमान असताना दहा मिनिटांत गाडीत सुमारे ३२ आणि अर्ध्या तासात सुमारे ४० अंश तापमान होते. बाहेर ३५ अंश असतील तर दहा मिनिटांत ४५ आणि अर्ध्या तासात ५४ अंशांच्या आसपास पारा पोहोचतो. हे आकडे महाराष्ट्राला लावून पाहण्याजोगे आहेत. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथे धोका उघड दिसतो आणि म्हणून माणूस थोडा तरी सावध असतो. खरी फसगत होते ती 'थंड हवेच्या ठिकाणी'. महाबळेश्वर-पाचगणीला दुपारी २८-३० अंश असतात, अंगावर वारा असतो, आणि गाडी सोडून निसर्गदर्शनाला जाताना कोणाच्या मनात उष्माघाताची शंकाही येत नाही. मात्र त्या गाडीच्या आत अर्ध्या तासात पंचेचाळीस अंशांच्या पुढचा नागपुरी उन्हाळा तयार झालेला असतो.

'गाडी सावलीत लावली होती' हे दुसरे समर्थन. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याचे उत्तर देतो. कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांच्या आत सरासरी ४७ अंश तापमान आढळले. डॅशबोर्ड तर ६९ अंशांपर्यंत तापला होता. सावलीतल्या गाड्यांत आतील तापमान ३८ अंश आणि आसनांचे ४१ अंश होते. सावलीने फरक पडतो यात शंका नाही, पण तो धोका लांबणीवर टाकण्याइतकाच. शिवाय सावली एका जागी राहत नाही. बारा वाजता झाडाखाली लावलेली गाडी दोन वाजता उन्हात आलेली असते.

कुत्र्याचे शरीर आणि माणसाचा अंदाज

माणूस आपल्या अंगावरून कुत्र्याच्या सहनशक्तीचा अंदाज बांधतो, ही दुसरी चूक. माणसाला सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांपुरत्या असतात. शरीर थंड करण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. तोंडातील व श्वसनमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन होऊन त्याला गारवा मिळतो. हा उपाय चालतो तो आत घेतलेली हवा शरीरापेक्षा थंड आणि कोरडी असेल तोवर. बंद गाडीत हवा तापत जाते आणि कुत्र्याच्याच उच्छ्वासाने ती दमटही होत जाते. म्हणजे जीव वाचवण्यासाठी तो जे करतो, त्यानेच त्याच्याभोवतीची हवा अधिक निरुपयोगी होत जाते. मुंबई, कोकण आणि गोव्यात तर हवा मुळातच दमट. तेथे तापमापकावर ३३ अंश दिसले तरी कुत्र्याला ते कोरड्या हवेतील ३३ अंशांहून कितीतरी जड जातात.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांपलीकडे गेले की उष्माघाताची अवस्था सुरू होते. रक्ताभिसरण, मूत्रपिंडे, आतडी आणि मेंदू यांवर एकामागून एक आघात होत जातात. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना श्वासमार्गच अपुरा असतो, त्यामुळे त्यांना धोका अधिक. म्हातारे, स्थूल, हृदयविकार असलेले आणि दाट केसांचे कुत्रेही त्याच रांगेत. भारतीय शहरांतील मध्यमवर्गीय घरांत नेमक्या याच जातींची चलती आहे, हा केवळ योगायोग असला तरी तो महागात पडणारा आहे.

तरीही हा अंदाज अडाण्यांचाच चुकतो असे मानण्याचे कारण नाही. २००९ च्या जून महिन्यात इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर पोलिसांच्या मुख्यालयाच्या आवारात पोलीस दलाचेच दोन जर्मन शेफर्ड कुत्रे बंद गाडीत मरण पावले. त्यांना सांभाळणारा पोलीस कर्मचारी कुत्र्यांचा प्रशिक्षित जाणकार होता. पुढील वर्षी तो न्यायालयात दोषी ठरला. ज्याचा व्यवसायच कुत्री सांभाळण्याचा, त्याचाही हिशेब चुकू शकतो. मग सहलीला निघालेल्या सामान्य कुटुंबाकडून केवळ 'प्रेम असेल तर लक्ष राहील' अशी अपेक्षा करणे कितपत पुरेसे आहे?

हेच दुसऱ्या दिशेनेही पडताळून पाहता येते. तापलेली गाडी कुत्रा आणि बालक असा भेद करीत नाही. जून २०२३ मध्ये नागपुरात घराजवळ उभ्या असलेल्या एका मोटारीत तीन लहान मुले मृतावस्थेत आढळली होती. अमेरिकेत गाडीतील उष्माघाताने वर्षाला सरासरी ३७ बालके दगावतात आणि त्यांतील अनेक प्रकरणांत मुलाला पालकच गाडीत विसरलेले असतात. स्वतःच्या अपत्याच्या बाबतीत जे घडू शकते, ते कुत्र्याच्या बाबतीत घडणार नाही असे म्हणता येणार नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कुत्र्यांच्या उष्माघाताची बहुसंख्य प्रकरणे गाडीतली नसतात. ब्रिटनमधील नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या २०१६ सालच्या वैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७४ टक्के प्रकरणे व्यायाम, धावणे, खेळणे यांतून उद्भवल्याचे आढळले. बंद गाडीचा वाटा सुमारे ५ टक्के होता. भर दुपारी डांबरी रस्त्यावर फिरायला नेणे हे गाडीइतकेच घातक ठरू शकते, हा या अभ्यासाचा इशारा प्रत्येक श्वानप्रेमीने लक्षात ठेवावा असा आहे. तथापि धावताना दमलेला कुत्रा थांबू शकतो, सावली शोधू शकतो, मालकाचे लक्ष वेधू शकतो. बंद गाडीतील कुत्र्याला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याची सुटका सर्वस्वी बाहेरच्या माणसावर अवलंबून असते. आणि प्रश्न नेमका त्या बाहेरच्या माणसाचाच आहे.

कायदा आहे, पण पन्नास रुपयांचा

भारतात या विषयाला लागू होणारा मुख्य कायदा म्हणजे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. प्राणी ताब्यात असलेल्या प्रत्येकाने त्याच्या स्वास्थ्यासाठी सर्व वाजवी उपाय योजावेत, असे त्याचे तिसरे कलम सांगते. अकराव्या कलमात क्रूरतेचे प्रकार दिले आहेत. त्यात अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने प्राण्याला वाहनातून नेणे, त्याला पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे यांचा समावेश आहे. एवढेच नव्हे, तर मालकाने वाजवी काळजी व देखरेख ठेवली नाही तरी गुन्हा घडल्याचे मानले जाईल, अशीही तरतूद त्याच कलमात आहे. म्हणजे निष्काळजीपणाची कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही.

अडचण पुढे सुरू होते. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मॉलच्या वाहनतळाचे तासाभराचे शुल्क याहून अधिक असते. शिवाय या प्रकारचे गुन्हे अदखलपात्र आहेत. अकराव्या कलमातील मोजकी उपकलमे आणि बारावे कलम एवढेच दखलपात्र आहेत. चौतिसाव्या कलमाने पोलिसांना प्राणी ताब्यात घेण्याचा अधिकार दिला आहे, पण तो पोलीस शिपायाच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला. वाहनतळावर सर्वांत आधी पोहोचणारा शिपाई या व्याख्येत बसत नाही.

कुत्रा मेल्यास भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाचा आधार घेण्याची मागणी होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या कलमात प्राण्याला ठार मारल्यास वा पंगू केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परंतु या गुन्ह्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा तसे होण्याची जाणीव सिद्ध करावी लागते. आपल्याच लाडक्या कुत्र्याला गाडीत ठेवून गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे सिद्ध करणे अवघड आहे. एका बाजूला पन्नास रुपये आणि दुसऱ्या बाजूला पाच वर्षे अशी ही विषम मांडणी आहे. या दोन टोकांच्या मधला निष्काळजीपणा, जो येथे खरा गुन्हेगार आहे, तो निसटून जातो.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यतींसंबंधीच्या निकालात या कायद्यातील शिक्षा वाढविण्याची गरज संसदेच्या नजरेस आणून दिली होती. त्यानंतर आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, केंद्र सरकारने दंड व शिक्षेत भरीव वाढ सुचविणारा दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. दंड वाढणे आवश्यक आहे यात दुमत नाही. मात्र दंड वाढल्याने अंदाज सुधारतो असे नाही. 'दहा मिनिटांत येतो' असे खरोखर वाटणाऱ्या माणसाला शिक्षेची भीती स्पर्शही करीत नाही, कारण आपण गुन्हा करीत आहोत हेच त्याच्या गावी नसते.

काच कोणी फोडायची?

म्हणूनच अनेक देशांत या प्रश्नाचा विचार शिक्षेच्या पलीकडे गेला आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २००६ चा प्राणी कल्याण कायदा लागू आहे. प्राण्याला अनावश्यक यातना होतील हे माहीत असणे किंवा 'माहीत असायला हवे होते' असे वाजवीपणे म्हणता येणे, एवढे गुन्ह्यासाठी पुरेसे आहे. २०२१ मध्ये कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्राणी यातनेत असल्याची रास्त खात्री असेल आणि वॉरंटसाठी थांबण्याइतका वेळ नसेल, तर पोलिसांना आवश्यक तेवढे बळ वापरून आत शिरता येते. सामान्य नागरिकासाठी १९७१ च्या मालमत्ता नुकसानविषयक कायद्यात एक बचाव आहे. परिस्थिती कळली असती तर मालकानेच काच फोडायला संमती दिली असती, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असले पाहिजे. प्राणी कल्याण संस्थांचा तेथील सल्ला सोपा आहे: कुत्रा त्रासात दिसला तर प्रथम ९९९ वर पोलिसांना कळवा.

अमेरिकेत टेनेसी राज्याने २०१५ मध्ये पुढचे पाऊल टाकले आणि बंद गाडीतील प्राण्याची सुटका करणाऱ्या सामान्य नागरिकाला दिवाणी दायित्वापासून संरक्षण दिले. २०१६ मध्ये फ्लोरिडाने आणि जानेवारी २०१७ पासून कॅलिफोर्नियाने तसाच मार्ग धरला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील अटी मुळातून पाहण्यासारख्या आहेत. गाडी खरोखर कुलूपबंद असली पाहिजे. प्राण्याच्या जिवाला तातडीचा धोका असल्याचा रास्त विश्वास हवा. काच फोडण्यापूर्वी पोलीस, अग्निशमन दल, प्राणी नियंत्रण विभाग किंवा आपत्कालीन सेवेशी संपर्क साधलेला असावा. आवश्यकतेहून अधिक बळ वापरू नये. सुटका केल्यावर अधिकारी येईपर्यंत प्राण्यासह सुरक्षित जागी थांबावे आणि तो त्यांच्या स्वाधीन करावा. या अटी पाळणाऱ्यावर ना नुकसानभरपाईचा दावा, ना फौजदारी कारवाई. मालकाला मात्र प्राण्याला गंभीर इजा झाली नसली तरी पहिल्या वेळी शंभर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे मृत्यूची वाट न पाहता धोका निर्माण करणे हाच तेथे गुन्हा आहे.

भारतात काच फोडणाऱ्याला अगदीच आधार नाही असे नव्हे. भारतीय न्याय संहितेचे एकोणिसावे कलम सांगते, की मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूविना आणि सद्‌भावनेने केलेली कृती केवळ तिच्यामुळे हानी होण्याची शक्यता होती म्हणून गुन्हा ठरत नाही. पण हा न्यायालयात मांडायचा बचाव आहे. तो वाहनतळावर हातात दगड घेऊन उभ्या असलेल्या माणसाला धीर देत नाही. महागड्या गाडीची काच, संतापलेला मालक, चोरीचा आळ, पोलीस ठाण्याच्या खेपा, हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते. मग तो चित्रीकरण करतो, सुरक्षारक्षकाला सांगतो, आणि सुरक्षारक्षक ध्वनिक्षेपकावरून गाडीचा क्रमांक पुकारण्यासाठी वरिष्ठाची परवानगी शोधत राहतो.

हीच कोंडी आपण एकदा फोडलेली आहे. रस्त्यावर अपघातात जखमी झालेल्याला मदत करायला लोक पुढे येत नसत, कारण पुढे पोलिसांचा आणि न्यायालयाचा ससेमिरा लागण्याची भीती असे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्‌भावनेने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येणार नाही, अशी हमी त्यात आहे. हे संरक्षण माणसांपुरते आहे. त्यामागील तत्त्व मात्र गाडीत कोंडलेल्या बालकालाही लागू पडते आणि कुत्र्यालाही. तेव्हा नवे तत्त्वज्ञान रचण्याची गरज नाही. आहे त्या विचाराचा विस्तार केला तरी पुरेसे आहे.

गैरवापराचा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. चोरटे कुत्र्याचे निमित्त करून काचा फोडतील, वातानुकूलन चालू असलेल्या गाड्यांवरही उत्साही मंडळी हात टाकतील, बाहेर काढलेला घाबरलेला कुत्रा चावेल किंवा रस्त्यावर धावत सुटेल, ही भीती अनाठायी नाही. आधी ११२ वर कळविणे, साक्षीदार ठेवणे, छायाचित्र घेणे आणि सुटका केल्यावर जागा न सोडणे या अटी त्यासाठीच असतात. चोर पोलिसांना दूरध्वनी करून थांबत नाही.

वातानुकूलन चालू ठेवण्याविषयी वेगळा खुलासा हवा. इंजिन व वातानुकूलन यंत्रणा चालू ठेवून कुत्र्याला गाडीत सोडून जाणे, हा अनेकांना सुरक्षित उपाय वाटतो. पण मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमानुसार चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसताना सार्वजनिक ठिकाणी इंजिन चालू ठेवून गाडी उभी करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी इंजिन बंद पडले, कुत्र्याचा पाय एखाद्या कळीवर पडला, की आत तीच भट्टी पुन्हा पेटते, आणि मालक मात्र वरच्या मजल्यावर निर्धास्त असतो. काही विजेवरील मोटारींत प्राण्यांसाठी तापमान राखण्याची खास सोय आली आहे. तीसुद्धा देखरेखीला पर्याय ठरू शकत नाही.

वाहनतळाची जबाबदारी

कायदा बदलायला काळ लागतो. मात्र वाहनतळ चालविणाऱ्यांना उद्यापासून करता येण्याजोगे बरेच आहे. कुत्रा गाडीत का राहतो, याचे उत्तर वाहनतळाच्या पलीकडच्या दारावर लिहिलेले असते: 'प्राण्यांना प्रवेश नाही'. मॉल, चित्रपटगृह, मंदिर, स्मारक, मंगल कार्यालय, द्रुतगती महामार्गावरील उपाहारगृह, सर्वत्र हीच पाटी. स्वच्छता, सुरक्षा आणि इतरांची सोय या दृष्टीने ती योग्यही असेल. परंतु जो कुत्र्याला दारावर अडवतो आणि त्याच वेळी गाडी उभी करण्याचे शुल्क घेतो, त्याला पुढच्या परिणामांपासून हात झटकता येणार नाहीत. वाहनतळाच्या प्रवेशद्वारीच आत प्राण्यांना प्रवेश नसल्याची सूचना असावी. त्यामुळे कुटुंबाला परत फिरण्याचा किंवा एकाने बाहेर थांबण्याचा निर्णय वेळेवर घेता येईल. पावती देणाऱ्याने मागच्या आसनावर नजर टाकावी. बंद गाडीत प्राणी वा मूल दिसल्यास तत्काळ गाडीचा क्रमांक पुकारावा. काही मिनिटांत मालक न आल्यास पोलिसांना कळवून काच उघडण्याचा लेखी अधिकार सुरक्षारक्षकाला असावा, आणि तसे पावतीच्या मागे छापलेले असावे. एवढे केले तर काच फोडण्याची वेळ बहुधा येणारच नाही. मोठ्या पर्यटनस्थळी पाणी, सावली आणि पंख्यांची सोय असलेला छोटा श्वानकक्ष सशुल्क चालविणेही अवघड नाही.

प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था असावी, असे केंद्राचे २००१ चे नियम सांगतात. मुंबईत तर अशी संस्था १८७४ पासून आहे आणि परळचे तिचे रुग्णालय सर्वांना ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यातील संस्था उन्हाळ्याच्या चार महिन्यांत दूरध्वनीला प्रतिसाद देते का, तिचा क्रमांक वाहनतळावर लावलेला आहे का, हे नागरिकांनी जिल्हा प्रशासनाला विचारायला हरकत नाही.

प्रथम गारवा, मग दवाखाना

सुटका झालेल्या कुत्र्याचे पुढे काय करायचे, हेही पुष्कळांना माहीत नसते. जोरजोराने धापा टाकणे, लाळ गळणे, हिरड्या लालभडक होणे, झोकांड्या जाणे, उलटी, झटके, शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी कुत्र्याला उचलून थेट दवाखान्याकडे धाव घेण्याची प्रवृत्ती असते. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय नोंदींच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दवाखान्यात आणण्यापूर्वी साधारण पाचपैकी एकाच कुत्र्याला थंड केल्याचे आढळले. तज्ज्ञांचा सल्ला आता स्पष्ट आहे: प्रथम गारवा द्या, नंतर हलवा. कुत्र्याला सावलीत आणावे, मिळेल ते साधे थंड पाणी अंगावर ओतत राहावे आणि पंखा, पुठ्ठा, वर्तमानपत्र जे हाती येईल त्याने वारा घालावा. तरुण व निरोगी कुत्र्याला डोके पाण्याबाहेर धरून थंड पाण्यात बसविले तरी चालते. ओले टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नयेत, त्यांच्याखाली उष्णता अडकते. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पाजावे, बळजबरी करू नये. कुत्रा सावरल्यासारखा दिसला तरी पशुवैद्याला दाखवावेच, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा काही तासांनी प्रकट होऊ शकते.

मालकांसाठी तर नियम एका वाक्यात मावतो. जेथे कुत्र्याला आत नेता येणार नाही, तेथे उन्हाळ्यात त्याला गाडीतून नेऊच नये, आणि नेलेच तर कुटुंबातील एका मोठ्या माणसाने त्याच्यासोबत गाडीबाहेर सावलीत थांबावे. घरी पंख्याखाली पाण्याच्या भांड्याशेजारी चार तास एकटा राहिलेला कुत्रा रुसेल, क्वचित एखादी चप्पलही फाडेल. पण संध्याकाळी दार उघडताच तो शेपूट हलवीत समोर येईल.

आग्र्यातील घटनेनंतर देशाने त्या कुटुंबाला दोष दिला आणि त्यात गैर काही नव्हते. तथापि त्याच वाहनतळावर त्या दिवशी इतर गाड्या होत्या, माणसे होती, पावत्या फाडणारी यंत्रणा होती. त्यांच्यापैकी कोणाच्या ध्यानात ती बंद गाडी आली असती, तर त्याला काय करण्याचा अधिकार होता? या प्रश्नाला 'माहीत नाही' हेच उत्तर असेल, तोवर पुढच्या उन्हाळ्यातील बातमी केवळ गाव बदलून पुन्हा छापली जाईल. चुकलेला अंदाज माणसाच्या स्वभावातून काढून टाकता येणार नाही. पण त्या अंदाजाची किंमत मुक्या जिवाने मोजण्यापूर्वी कोणी तरी मध्ये पडू शकेल, अशी तरतूद कायद्यात आणि वाहनतळावर करणे निश्चितच आपल्या हाती आहे.